भटक्या टोळीच्या कपाळावर काय लावू? (गोष्टीसाठी मदत हवी आहे)

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

दोन वर्षांपासून एक लांबलचक गोष्ट लिहितोय. प्रदेश काल्पनिक, माणसंही काल्पनिक. त्यात एक टोळी आहे, नाव सांडोर. बारा महिने फिरती. शेळ्या, खेचरं, दहा-बारा बिऱ्हाडं. ही मंडळी एका द्रव्याने कपाळावर खूण करतात. पोर पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी घाट चढून गेलं की करतात, लग्नात करतात, भांडण मिटवताना करतात आणि माणूस गेला की शेवटची करतात. द्रव्याचं नाव ठेवलंय निळार.

सध्या असं लिहिलंय: डोंगराच्या पोटात एक गुप्त गुहा आहे, तिथे निळी राख सापडते, ती अंधारात चमकते आणि गुहेची वाट फक्त थोरल्या पुजारणीला ठाऊक असते. बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "छान आहे, पण हे कुठेही असतं," आणि कुकर लावायला गेली. तेव्हापासून ते पान तसंच पडलंय.

प्रश्न असा की खरोखरीची फिरती माणसं असं काय वापरतात? कुठून आणतात? ठेवतात कशात? तुमच्या पाहण्यात-वाचण्यात काही असेल तर सांगा. अगदी घरगुती माहितीही चालेल.

तिरकस

अंधारात चमकणारं कपाळ घेऊन रात्री घाट उतरणार? लांडग्यांची चांगली सोय केलीत.

(हलकेच घ्या. धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.)

सोनचाफा

गेरूपासून सुरुवात करा. माणसाने अंगाला लावलेल्या रंगांतला बहुधा सगळ्यात जुना हाच. दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बॉस नावाची गुहा आहे. तिथे २०११ साली जाहीर झालेला शोध असा की सुमारे १ लाख वर्षांपूर्वी कुणीतरी गेरू दगडावर उगाळून, त्यात कोळसा आणि हाडांतून काढलेली चरबी मिसळून तो मोठ्या शिंपल्यांत कालवून ठेवला होता. शिंपले, उगाळायचे दगड, ढवळायचं हाड, सगळा संसार जागेवर. शेती नाही, गाव नाही, पण रंगाची वाटी आहे.

आपल्या बाजूला भीमबेटका आहेच. १९५७ मध्ये वाकणकरांनी आगगाडीच्या खिडकीतून ते खडक पाहिले आणि उतरून चालत गेले, ही हकिगत तुम्हाला माहीत असेल. तिथल्या चित्रांत तांबडा आणि पांढराच जास्त.

तुमच्या कामाची एक गोष्ट: पिवडी, म्हणजे पिवळी माती, विस्तवात भाजली की तांबडी होते. म्हणजे टोळीला पिवळी माती सापडली आणि शेकोटी असली की लाल रंग तयार. गुहा गुप्त असायची गरज नाही. कोकणात-गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्यात जी तांबडी नक्षी दिसते, कावी काम म्हणतात, त्यातली काव हीसुद्धा याच कुळातली.

निळा रंग मात्र मातीत सहजासहजी मिळत नाही. तेवढं बघा.

माणदेशी मेंढा

तुमी कुठं आफ्रिकेत चाललाय, जेजुरी हितं हाय की.

आमी धनगर. आमच्यात भंडारा. भंडारा म्हंजे हळद, पर घरात भाजीत टाकत्यात तिला कुणी भंडारा म्हणत न्हाय. देवाम्होरं ठेवली की भंडारा. पोर जल्मलं, भंडारा. नवी घोडी घेतली, तिच्या कपाळाला भंडारा. मेंढरास्नी रोग आला, कळपावर भंडारा. दोन भावांचं भांडाण मिटलं, भंडाऱ्यावर हात ठिऊन मिटलं. ते मोडायची छाती कुणाची न्हाय.

माझा आज्जा दिवाळी झाली की वाडा घिऊन खाली कोकणाकडं उतरायचा. वाडा म्हंजे घर न्हाय हो, बिऱ्हाडं, मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या समदं मिळून वाडा. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्यो धान्य द्याचा, पैसं द्याचा. पावसाच्या आधी परत माणात. आज्जाच्या कंबरंला एक कातड्याची पिशवी असायची. तिला पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा. आत भंडारा. वाघ्यांच्या जवळ असती तसलीच, पर लहान.

आता तळीचं सांगतो. रातच्याला वाघर लावून झाली (वाघर म्हंजे मेंढरांभवतीचं जाळं), की आज्जा ताट मांडायचा. ताटात पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, मधी भंडाऱ्याचा ढीग. पाच जणांनी ताटाला हात लावायचा, "सदानंदाचा येळकोट" म्हणत तीनदा उचलायचं. मग आज्जा चिमटीत भंडारा घिऊन आधी देवाला, मग जमिनीला, मग घोडीला, मग माणसास्नी. शेवट सवताला. आमी पोरं वाट बघत बसायचो ती खोबऱ्याची. भंडारा डोळ्यात गेला की चुरचुरायचा, रडलं की आज्जी म्हणायची, देव डोळ्यात गेला, रडू नगं.

तुमच्या गोष्टीत पुजारीण कशाला? जो वाडा चालवतो त्योच लावतो.

कोरी पाटी

मेंढेराव, दंडवत. घोडीला माणसाच्या आधी, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. एक विचारू का? आज्जा ती हळद आणायचे कुठून?

माणदेशी मेंढा

इकत. नायतर लोकर दिऊन, घोंगडं दिऊन. आमच्या माणात हळद पिकवायला पाणी कुठलं.

घाटवाट

मेंढेरावांच्या या शेवटच्या प्रतिसादात तुमची अख्खी गोष्ट आहे, पाटीकर.

हळदीचं पीक जमिनीत आठ-नऊ महिने उभं असतं. मे-जूनमध्ये लावायची, जानेवारीनंतर काढायची. मग शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. त्यासाठी एका जागी बसलेला माणूस लागतो, त्याच्याकडे पाणी लागतं, कढई लागते. फिरतीवरचा माणूस हळद पिकवूच शकत नाही. आणि तरी महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या फिरत्या समाजाचं सगळ्यात पवित्र द्रव्य हळद आहे!

माझं आजोळ सांगलीजवळ. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमापाशी हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. तिथल्या मातीला ओल धरत नाही, त्यामुळे हळद वर्षानुवर्षं किडत नाही. लहानपणी मामाने एका पेवाच्या तोंडाशी नेलं होतं. आत उतरायच्या आधी झाकण काढून बराच वेळ थांबतात, आतली हवा कोंदट असते म्हणून. त्या काळ्या तोंडातून जो वास वर आला तो अजून नाकात आहे. मातीचा आणि हळदीचा मिळून, थोडा औषधासारखा. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो.

तर सांगायचं हे की तुमची गुप्त गुहा मी अशी वाचतो: ती पुजारणीची नाही, ती एका शेतकऱ्याचं पेव आहे. टोळीची खूण टोळीच्या हातात नाही. ती दरवर्षी कुणाच्या तरी दारात जाऊन मागावी लागते, बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. मागणारा आणि देणारा दोघांनाही ते ठाऊक असतं. यातून जेवढ्या गोष्टी निघतील तेवढ्या चमकणाऱ्या राखेतून निघणार नाहीत.

सोनचाफा

+१. बाणाईची कथाही याच वळणाची आहे ना? खंडोबा म्हाळसेला जेजुरीत ठेवून बाणाईकडे मेंढपाळ म्हणून राबतो. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एकच देव, एक घर बसलेल्यांचं आणि एक फिरत्यांचं.

माणदेशी मेंढा

व्हय. त्यानं बाणाईच्या बापाची मेंढरं मारली, आन पोरगी द्यायचं कबूल केल्यावर परत जिती केली. आज्जा ही गोष्ट सांगताना मेंढरांकडं बघायचा, आमच्याकडं न्हाय.

परीक्षानळी

रसायनवाल्यांनी बोलायची वेळ झाली.

पाटीकर, तुम्हाला जादू हवी आहे ना? हळदीत आहेच. हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या संगतीत लाल होतो. पानाला लावायचा चुना चिमूटभर घ्या, ओल्या हळदीत कालवा. बोटाखाली रंग बदलताना दिसतो, आधी केशरी, मग विटकरी, मग रक्तासारखा. त्यावर लिंबू पिळलंत तर पुन्हा पिवळा. जुन्या पद्धतीचं कुंकू हळकुंडं, टाकणखार आणि लिंबाच्या रसातूनच तयार होतं. म्हणजे हळद-कुंकू हे दोन डबे दिसतात, मूळ एकच.

आता सावधगिरीचं. गोष्टीत शेंदूर आणणार असाल तर तो काय असतो हे माहीत असू द्या. खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हातात घेतला की त्याचं वजनच सांगतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ, खरा असेल तर, पाऱ्याचा. दगडाच्या देवाला यातलं काही बाधत नाही, माणसाच्या कातडीला आणि पोटाला बाधतं. गवयाचा आवाज बसावा म्हणून त्याला विड्यातून शेंदूर चारला, या गोष्टी आपल्याकडे उगाच प्रचलित नाहीत.

आणि भेसळ. बाजारात भंडारा म्हणून जी स्वस्त पिवळी पूड मिळते ती पुष्कळदा हळद नसतेच, रंगवलेलं पीठ असतं. मागे एका यात्रेत रस्त्यावरच्या दुकानातून पाव किलो घेतला. घरी थोडा परीक्षानळीत घेऊन त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. जांभळट गुलाबी. मेटॅनिल यलो नावाचा रंग, खाण्यात बंदी असलेला. तो मी दिवसभर कपाळाला लावून हिंडलो होतो, संध्याकाळी पुरळ का आलं ते तेव्हा कळलं. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिला शिशाचा क्रोमेट चोळतात, हे बांगलादेशातल्या २०१९ च्या अभ्यासात उघड झालं.

तुमच्या टोळीत एखादी म्हातारी ठेवा, जी व्यापाऱ्याने आणलेलं निळार जिभेवर ठेवून थुंकते आणि म्हणते, "परत ने."

तिरकस

ती म्हातारी आमच्या घरी आहे. भाजीवाल्याला विचारा.

विंडहूकवाली

नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं नामिबियात आहे, म्हणून लिहिते. इथल्या उत्तर-पश्चिमेला कुनेने प्रांतात हिंबा लोक राहतात. गुरं राखतात, चाऱ्यामागे हलतात. त्यांच्या बायका अंगाला आणि केसांच्या वेण्यांना ओत्जिझे लावतात. त्यात लाल गेरूची वस्त्रगाळ पूड आणि दुधाचं लोणी असतं. वासासाठी ओमुझुम्बा नावाच्या झुडपाचा डिंक घालतात. पुरुष सहसा लावत नाहीत.

मला सगळ्यात लक्षात राहिलं ते लोणी. भोपळ्यात दूध घालून तो टांगतात आणि तासन् तास हलवतात. आपल्याकडे रवी घुसळते, इथे भोपळा झोके घेतो. म्हणजे रोजच्या लेपामागे एक गाय आहे, तिच्यामागे चारा आहे, चाऱ्यामागे पाऊस. पाऊस नाही झाला तर लोणी नाही, लोणी नाही तर अंगावर लेप नाही. बाई रस्त्यावर भेटली की तिच्या कांतीवरून त्या घरचं वर्ष कसं गेलं ते ओळखता येत असेल असं मला नेहमी वाटतं. (हा माझा तर्क, कुणी सांगितलेलं नाही.)

पाण्याची टंचाई असल्याने अंघोळीऐवजी सुगंधी लाकडांची धुरी घेतात. ओपुवो नावाच्या गावी एका हिंबा बाईला आम्ही गाडीतून थोडं पुढे सोडलं होतं. उतरल्यावर सीटवर पाठीच्या आकाराचा तांबूस ठसा राहिला. नवरा फडकं घ्यायला गेला. मी म्हटलं राहू दे. पुढे दोन महिने होता तो ठसा. गाडीत बसलं की लोण्याचा, धुराचा वास यायचा. आजीच्या घरच्या शिंक्याची आठवण व्हायची, कारण नसताना.

अडाणी आत्या

सगळे लावल्यावर पुसून जाणारं सांगतायत. मी जरा बिब्बा घालू का मध्ये?

तिरकस

घाला की आत्या. मी रोजच घालतो.

अडाणी आत्या

थट्टा नाही, खराच बिब्बा. पूर्वी परीट कपड्यावर खूण करायचे ती कशाने? बिब्ब्याच्या तेलाने. फळ सुईने टोचायचं, काळं तेल येतं, त्याने कापडाच्या कोपऱ्यावर टिंब नाहीतर रेघ काढायची आणि वर चुना लावायचा. कापड फाटेल पण खूण जायची नाही. इंग्रजांनी त्याचं नावच 'मार्किंग नट' ठेवलं होतं, खुणेचं फळ. तुमच्या धाग्याला याहून सोयीचं काय हवं?

आणि हा बिब्बा दारावर विकायला कोण यायचं? फिरस्त्या बायकाच. "सुया घ्या, पोत घ्या, बिब्बं घ्या, शिक्काई घ्या." आमच्या वाड्यात दुपारी दोनच्या सुमाराला ती हाळी यायची. आई सुया घ्यायची, बिब्बे घ्यायची आणि जुनं लुगडं द्यायची. घाटवाट म्हणतात तसा भंडारा बसलेल्याकडून फिरत्याकडे जातो. बिब्बा उलटा यायचा, रानातून फिरत्याच्या झोळीत आणि तिथून आमच्या देवळीत.

मी सात वर्षांची असताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. आजीने सुईच्या टोकावर बिब्बा अडकवून दिव्याच्या ज्योतीवर धरला. तो चुरचुरू लागला, टोकाला काळा थेंब जमला. "हलू नकोस." मी हललेच. थेंब टाचेऐवजी पोटरीवर पडला. दुसऱ्या दिवशी तिथे फोड, मग आजूबाजूला पाणी धरलं, खाज अशी की झोप नाही. बिब्बा उतला म्हणतात त्याला. आजीने तीळ आणि खोबरं वाटून लावलं, चार दिवस तेच खायलाही घातलं. डाग अजून आहे, मसुराएवढा. साठी उलटली माझी.

उतणाऱ्या फळाच्या आतली गोडंबी मात्र डिंकाच्या लाडवात घालतात. वरून विष, आतून मेवा. (कुणी घरी प्रयोग करू नका. काहींच्या अंगावर भयंकर उततो.)

कोरी पाटी

आत्या, हे भारी आहे. पण आता गोंधळ वाढला. निळार पुसलं जाणारं ठेवू की कायमचं?

घाटवाट

हाच खरा प्रश्न आहे, आणि मला वाटतं उत्तर रंगात नाही, माणसं किती वेळा भेटतात त्यात आहे. जी खूण संध्याकाळपर्यंत घामाने जाते ती पुन्हा लावावी लागते. लावायला दुसरं माणूस लागतं. स्वतःच्या कपाळाला भंडारा स्वतः लावता येतो, पण तळी एकट्याला उचलता येत नाही. गोंदण एकदाच. ते घेऊन माणूस एकटा कुठेही जाऊ शकतो, आणि मेल्यावर ओळखला जातो. अल्ताय पर्वतात बर्फात सापडलेल्या पाझिरिक लोकांच्या अंगावर गोंदलेले प्राणी अडीच हजार वर्षांनंतरही दिसतात. घोड्यावर फिरणारे लोक ते.

सांडोर टोळी फुटणार आहे का पुढे गोष्टीत? फुटणार असेल तर पुसलं जाणारं ठेवा.

तिरकस

आपण सगळे लावतो ती विसरलात. मतदानाची शाई. १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येते, आत सिल्व्हर नायट्रेट असतं, उन्हात काळी पडते, नखाबरोबर वाढून निघून जाते. दर पाच वर्षांनी पुन्हा लावायला रांगेत उभं राहायचं आणि बोटाचा फोटो काढायचा. काय कमी विधी आहे?

परीक्षानळी

तिरकस पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलले, नोंद घ्यावी.

पालावरचा

धागा वाचत होतो. एक बोलतो, कुणाला लागलं तर माफ करा.

गोष्टीत भटक्यांच्या खुणा छान दिसतात. पण खूण ही नेहमी आपण होऊन लावलेली नसते. १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, अंगठे, पोलिसात हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो भाग आजही सेटलमेंट या नावानेच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो, देशाच्या पाच वर्षांनंतर. त्या सगळ्या काळात बाईच्या हनुवटीवरचं गोंदण, गळ्यातली पोत, बोलण्याची ढब हीच पोलिसाला पुरेशी खूण होती. माझी आजी शहरात कामाला जाताना हनुवटीवर पावडर थापायची. हिरवं गोंदण पावडरीखालून तरी दिसायचंच.

तुमच्या सांडोरांची खूण गावातल्या लोकांना कशी दिसते, ते लिहिणार आहात का? पवित्र खूण आतल्यांसाठी. बाहेरच्याला ती दिसली की तो घागर आत घेतो.

कोरी पाटी

पालावरचा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार मानले तर ते फार वरवरचं होईल. दोन दिवस काही लिहिलं नाही. आज सकाळी पहिलं प्रकरण पुन्हा मांडलं. कच्चं आहे:

निळारचे दोन भाग. एक मूळ. ते नदीकाठच्या शेतकऱ्यांकडे पिकतं, पिवळं. दुसरा चुना. तो समुद्राकाठचे लोक शिंपले भाजून करतात. (कोकणात असा चुना करत, हे वडिलांकडून ऐकलं होतं.) नदीवाले आणि समुद्रवाले एकमेकांना कधी भेटत नाहीत, मधे घाट आहे. दोन्हीकडे जाणारे फक्त सांडोर. उतरताना मूळ घेऊन उतरतात, चढताना चुना घेऊन चढतात. घाटमाथ्यावर एका सपाट दगडावर दोन्ही कालवतात तेव्हाच लाल होतं. नदीवाल्यांना वाटतं निळार पिवळं असतं. समुद्रवाल्यांना वाटतं पांढरं. लाल फक्त यांनीच पाहिलेलं. ते लावून कुठल्याही गावात उतरायचं नाही, पुसून उतरायचं. आणि एक पोर पुसायला विसरतं. तिथून गोष्ट सुरू होते.

खेचरीला आधी, माणसाला नंतर, हेही घेतलं.

सोनचाफा

अंगावर काटा आला. लिहा पटापट. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

विंडहूकवाली

सुंदर. फक्त एका वर्षी नदीवाल्यांचं पीक बुडालं तर काय लावतात, ते ठरवून ठेवा. तेव्हा तुमच्या टोळीचं खरं काय ते कळेल.

अडाणी आत्या

बुडालं तर गेल्या वर्षीच्या पिशवीचं तळ झाडून लावतील. पिशवीच पाण्यात बुडवतील. त्यात काय ठरवायचंय.

तिरकस

सगळं ठीक. पण द्रव्य लाल, नाव निळार?

अडाणी आत्या

राहू दे रे. आमच्या काळ्याकुळकुळीत म्हशीचं नाव चांदी होतं.

परीक्षानळी

एक तांत्रिक दोष. कालवलेला लाल घामाने पुन्हा पिवळा पडू शकतो, घाम बहुधा जरासा आम्लधर्मी असतो. म्हणजे विसरलेल्या पोराच्या कपाळावरची खूण उतरता उतरता रंग बदलेल. तुम्हाला अडचण वाटली तर दुरुस्त करा, सोय वाटली तर वापरा. आणि चुना कमी ठेवा, जास्त झाला तर कातडी जळते.

कोरी पाटी

वापरणार! मेंढेराव, एक विनंती. सोमवतीला जेजुरीला जाणार असाल तर मी येऊ का बरोबर? पुस्तकासाठी नाही, असंच.

माणदेशी मेंढा

या की. आमी पंधरा-वीस जण असतो. पयल्यांदा गड बघा, मग पालखी कऱ्हेवर जाती तिच्या संगं चला. सोमवतीला जमलं न्हाय तर कोल्हापूरकडं पट्टणकोडोलीच्या जत्रंला या, तिथं भंडाऱ्याबरूबर लोकर आन खोबरंबी उधळत्यात. भंडारा मी आणीन, सांगलीची हळद आमी सवता दळून घेतो. कापडं जुनी घाला. पिवळा जात न्हाय.

परीक्षानळी

जातो. साबण लावलात की आधी लाल होईल, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत उडतो.

माणदेशी मेंढा

आज्जाचं पागुटं तीस वर्सं पेटीत हाय, अजून पिवळं हाय.

परीक्षानळी

पेटीत ऊन येत नाही, मेंढेराव.

माणदेशी मेंढा

मग ऱ्हाऊ द्या पेटीतच.